सूर्य मावळण्यापूर्वीची मजुरी

२०२५च्या नाताळला इंदूरमधील एका घटनेला दोन वर्षे पूर्ण होतात. २५ डिसेंबर २०२३ रोजी पंतप्रधानांनी दूरदृश्य प्रणालीद्वारे हुकुमचंद मिलच्या कामगारांच्या थकीत देण्यांपोटी सुमारे २२४ कोटी रुपयांचा धनादेश अवसायक आणि कामगार संघटनांचे प्रमुख यांच्याकडे सुपूर्द केला. सुमारे ४,८०० कामगारांना त्याचा लाभ होईल, असे त्या वेळी सांगण्यात आले. ही गिरणी बंद पडली ती १९९०च्या दशकाच्या प्रारंभी. म्हणजे केलेल्या कामाचे पैसे हाती येण्यास तीन दशकांहून अधिक काळ लागला. २५ डिसेंबर हा सरकारी दिनदर्शिकेत सुशासन दिन आहे आणि कार्यक्रमाचा रोखही तसाच होता. परंतु त्याच दिवशी देशभरातील चर्चमध्ये एका सुताराच्या घरी वाढलेल्या बालकाचा जन्मोत्सव साजरा होत होता. या योगायोगाकडे गोव्यातून थोडे थांबून पाहण्यासारखे आहे.

हुकुमचंद मिल इंदूरच्या ज्या गिरणी पट्ट्यात उभी होती, त्याच पट्ट्यातील एका वस्तीचे नाव परदेशीपुरा. होळकरांच्या या राजधानीत विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मालवा मिल, हुकुमचंद मिल, राजकुमार मिल, स्वदेशी मिल, कल्याणमल मिल अशा कापडगिरण्यांची रांग उभी राहिली आणि त्यांच्या भोंग्यांवर या वस्त्यांचे दिवस-रात्र चालू लागले. परदेशीपुऱ्यात, शेजारच्या नंदानगरात गिरणी कामगारांची घरे झाली. मराठीत ‘परदेशी’ हा शब्द पूर्वापार सातासमुद्रापलीकडच्या माणसापुरता नाही; उत्तरेतून पोटासाठी दक्षिणेकडे आलेल्या माणसालाही आपण परदेशीच म्हणत आलो. पोटासाठी बाहेरून आलेल्याची ओळख वस्तीच्या नावातच मुरली, की ती पिढ्यान्‌पिढ्या पुसली जात नाही. गिरण्या गेल्या, भोंगे थांबले, जमिनींचे भाव वाढले. नाव मात्र तेच राहिले.

आता प्रश्न असा, की कामगारांचे देणे मान्य असूनही ते चुकते होण्यास इतका काळ का जावा? उत्तर कोणा एकाच्या दुष्टाव्यात सापडत नाही. ते व्यवस्थेच्या रचनेत आहे. गिरणी बंद पडते, कंपनी अवसायनात जाते आणि तिची सारी मालमत्ता न्यायालयाने नेमलेल्या अवसायकाच्या ताब्यात येते. मग तिच्यावर हक्क सांगणाऱ्यांची रांग लागते: तारण घेऊन कर्ज दिलेल्या बँका, सरकारी कर, वीज व पाण्याची थकबाकी, आणि कामगार. कामगारांची देणी तारणधारक बँकांच्या बरोबरीने मानावीत, अशी दुरुस्ती कंपनी कायद्यात १९८५ साली झाली. त्यामागे मोठा न्यायविचार होता. पण बरोबरीचा हक्क मिळाला म्हणून पैसे मिळत नाहीत. जुनी यंत्रे भंगाराच्या भावाने जातात. खरी किंमत असते ती शहराच्या मध्यावर आलेल्या जमिनीला. आणि जमीन आली, की मालकीचा वाद येतो, लिलाव येतात, अपिले येतात. हुकुमचंद मिल बंद झाली तेव्हा तिच्या कामगारांची संख्या ५,८९५ होती. २००७ साली मध्य प्रदेश उच्च न्यायालयाने त्यांच्यासाठी २२९ कोटी रुपयांची भरपाई ठरवली. तिचा एक भाग आधी मिळाला. उर्वरित रकमेसाठी आणखी सोळा वर्षे गेली. अखेर राज्य सरकारने सर्व देणी आधी चुकती करून गिरणीची जमीन ताब्यात घ्यावी आणि तेथे निवासी व व्यापारी संकुल विकसित करावे, या तडजोडीवर सर्व पक्षांची संमती झाली, तेव्हा कोठे धनादेश निघाला.

या तडजोडीचे श्रेय ज्यांचे त्यांना द्यावे. अनेक शहरांत कामगारांना एवढेही मिळालेले नाही. १९८२च्या संपानंतर मुंबईच्या गिरणगावाचे काय झाले, हे मराठी वाचकास सांगायला नको. तरीही आनंदाच्या त्या समारंभात एक अनुपस्थिती होती. मधल्या काळात अनेक कामगार निवर्तले होते. त्यांच्या वाट्याची रक्कम विधवांच्या, मुलांच्या, नातवंडांच्या हाती गेली. ज्याने तिसाव्या वर्षी साच्यावर उभे राहून घाम गाळला, त्याला साठी उलटल्यावर मिळालेला पैसा ही मजुरी उरत नाही. मुलीच्या लग्नाच्या वेळी नसलेले, मुलाच्या फीच्या वेळी नसलेले, आजारपणात नसलेले पैसे नंतर कितीही व्याजासह आले, तरी ते वरातीमागून आलेले घोडेच. रक्कम चुकती होते. गेलेली वेळ चुकती होत नाही.

येथे ख्रिस्ती धर्मग्रंथातील एक जुना नियम आठवतो. मोशेच्या नियमशास्त्रातील ‘अनुवाद’ या ग्रंथाच्या चोविसाव्या अध्यायात मजुरीविषयी स्पष्ट आज्ञा आहे: गरीब मजुराची मजुरी त्याच दिवशी, सूर्य मावळण्याआधी त्याच्या हातात पडली पाहिजे, कारण त्याचा जीव त्या पैशांत अडकलेला असतो. या आज्ञेत दोन गोष्टी लक्ष देण्यासारख्या आहेत. पहिली अशी, की ती देण्याइतकीच वेळेविषयी आहे; उद्या दिले तरी चालेल, अशी मुभा तिच्यात नाही. दुसरी अशी, की मजूर आपला भाऊबंद असो की आपल्या गावात राहणारा परका, दोघांना नियम एकच. हजारो वर्षांपूर्वीच्या त्या कायद्याला ठाऊक होते, की मजुरी थकते तेव्हा ती आधी परक्याची थकते. त्याला ओळखी नसतात, त्याची भाषा वेगळी असते, तक्रार कोठे करायची हे त्याला माहीत नसते आणि आज ना उद्या तो आपल्या गावी निघून जाईल, असा सर्वांचा हिशेब असतो.

नव्या करारात हा धागा तुटत नाही. मत्तयाच्या शुभवर्तमानातील द्राक्षमळ्याचा दाखला बहुतेकांना माहीत असतो तो शेवटी आलेल्या मजुरालाही पूर्ण दिवसाची मजुरी देणाऱ्या धन्यासाठी. प्रवचनांत चर्चा होते ती त्याच्या औदार्याची. पण त्या कथेतील एक साधी गोष्ट सहसा नजरेतून सुटते: संध्याकाळ होताच धन्याने आपल्या कारभाऱ्यास बोलावून सर्वांना पैसे द्यायला सांगितले. औदार्य त्यानंतरचे, आधी वेळेवर हिशेब. याकोबाच्या पत्रात तर शेत कापणाऱ्यांची अडकवून ठेवलेली मजुरीच ओरडते आणि तो आक्रोश देवाच्या कानी जातो, असे चित्र आहे. हा विचार एकट्या ख्रिस्ती धर्माचा नव्हे. मजुराचा घाम वाळण्याआधी त्याची मजुरी द्या, ही पैगंबरांची शिकवण म्हणून मुस्लिम परंपरेत प्रसिद्ध आहे.

औद्योगिक युगात चर्चने हा प्रश्न नव्या भाषेत मांडला तो १५ मे १८९१ रोजी. पोप लिओ तेरावे यांनी ‘रेरुम नोव्हारुम’ या परिपत्रकाद्वारे कामगारांचे वेतन, संघटनेचा हक्क आणि मालकांची कर्तव्ये यांवर भाष्य केले. माणसाचे न्याय्य वेतन बुडवणे हा स्वर्गापर्यंत आक्रोश पोचवणारा अपराध आहे, ही जुनी शिकवण त्यांनी गिरण्या-कारखान्यांच्या काळाला लावली. २०२५च्या मे महिन्यात निवडून आलेल्या पोपनी लिओ हे नाव धारण केले, त्यामागेही हेच परिपत्रक असल्याचे त्यांनी कार्डिनलांसमोर सांगितले. त्या काळी यंत्रांनी कामगारापुढे जे प्रश्न उभे केले, तसे आज कृत्रिम बुद्धिमत्ता उभे करीत आहे, असा त्यांचा रोख होता.

इंदूरच्या भूमीवर या शिकवणीची कसोटी एका स्त्रीने दिली आहे. सिस्टर राणी मारिया या केरळमधून आलेल्या फ्रान्सिस्कन क्लॅरिस्ट संन्यासिनी. देवास जिल्ह्यातील उदयनगर परिसरात त्या भूमिहीन शेतमजूर आणि आदिवासी यांच्यामध्ये काम करीत. सावकारी कर्जाच्या विळख्यातून लोकांनी बाहेर यावे, आपल्या हक्काची बचत आणि मजुरी त्यांना कळावी, हा त्यांचा प्रयत्न होता. ज्यांचे हितसंबंध दुखावले, त्यांनी तो सहन केला नाही. २५ फेब्रुवारी १९९५ रोजी इंदूरकडे निघालेल्या बसमध्ये, प्रवाशांच्या देखत त्यांची हत्या झाली. पुढे त्यांच्या धाकट्या बहिणीने, सिस्टर सेल्मी पॉल यांनी, तुरुंगात जाऊन मारेकऱ्याला राखी बांधली आणि त्याला भाऊ मानले. २००६ साली त्याची सुटका झाली. ४ नोव्हेंबर २०१७ रोजी इंदूर येथे राणी मारिया यांना ‘धन्य’ घोषित करण्यात आले.

ही कथा सांगितली जाते ती क्षमेची कथा म्हणून, आणि ते योग्यच आहे. पण क्षमा आणि हिशेब यांची गल्लत होऊ नये. क्षमा करण्याचा अधिकार ज्याच्यावर अन्याय झाला त्याचा असतो. अन्याय करणाऱ्याने ती हक्काने मागायची नसते. ‘झाले गेले विसरून जा’ असे ऋणकोने धनकोस सांगणे म्हणजे क्षमा नव्हे. लूकच्या शुभवर्तमानातील जक्कय हा जकातदार येशूचे आपल्या घरी स्वागत करतो तेव्हा तो केवळ पश्चात्ताप व्यक्त करून थांबत नाही. ज्याचे लुबाडले त्याला चौपट परत देण्याचे जाहीर करतो. राणी मारिया यांचे मरण ज्या कामासाठी ओढवले, ते काम हिशेबाचे होते. त्यांच्या बहिणीने दिलेली क्षमा तो हिशेब पुसून टाकीत नाही.

आता गोव्याकडे वळू. डिसेंबरच्या प्रारंभी जुने गोवे येथे संत फ्रान्सिस झेवियर यांचे फेस्त झाले. सर्वधर्मीय भाविक नेहमीप्रमाणे गोंयच्या सायबाच्या दर्शनास गेले. झेवियर ज्या संघाचे होते, त्या जेझुइट संघाचे संस्थापक इग्नेशियस लोयोला यांनी आपल्या सहकाऱ्यांना एक दैनंदिन साधना घालून दिली होती: दिवसातून ठरावीक वेळी थांबून सरलेल्या तासांकडे पाहावे, मिळालेल्याबद्दल कृतज्ञ व्हावे, कोणाशी कसे वागलो ते तपासावे आणि उद्याचा निश्चय करावा. आज ‘सजगता’ या नावाने जे शिकवले जाते, त्याच्याशी तिचे नाते आहे. किनारपट्टीवरील कितीतरी ठिकाणी श्वासाकडे लक्ष देण्याची शिबिरे भरतात आणि त्यांत गैर काहीच नाही. पण इग्नेशियसच्या साधनेत लक्ष श्वासापाशी थांबत नाही. ते आज भेटलेल्या माणसांपर्यंत जाते. खोली झाडून गेलेली बाई, सामान उचलणारा मुलगा, स्वयंपाकघरात रात्री दोनपर्यंत भांडी घासणारा कामगार हे सारे त्या आत्मपरीक्षणात येतात. त्यांचे मला काही देणे लागते का, हा प्रश्न ध्यानाच्या बाहेरचा राहत नाही.

फेस्ताला तीन दिवस झाले असतील-नसतील, तोच ६ डिसेंबरच्या मध्यरात्री हडफडे येथील नाइट क्लबला आग लागली. २५ जणांचा बळी गेला आणि त्यांतील बहुसंख्य तेथे राबणारे कर्मचारी होते. झारखंड, आसाम, उत्तराखंड, नेपाळ अशा दूरच्या मुलखांतून ते आले होते. परवाने, अग्निसुरक्षा, अधिकाऱ्यांची जबाबदारी यांची चौकशी व्हायलाच हवी. पण त्या शवपेट्या ज्या गावांकडे रवाना झाल्या, ती नावे वाचताना आणखी एक गोष्ट जाणवली पाहिजे. आपल्या पर्यटनाच्या रात्री ज्यांच्या श्रमांवर उजळतात, त्यांची नावे आपल्याला मरणानंतर कळतात. त्यांना पगार वेळेवर मिळत होता का, ओव्हरटाइमची नोंद होत होती का, ते कोठे झोपत होते, हे प्रश्न राज्यातील अशा प्रत्येक आस्थापनेला विचारायचे आहेत. एका दुर्घटनेपुरते नव्हे.

या आगीच्या पंधरा दिवस आधी, २१ नोव्हेंबर रोजी, चारही कामगार संहिता लागू झाल्याचे केंद्र सरकारने जाहीर केले. त्यांवर संघटनांचे आक्षेप आहेत. कामगारकपातीची परवानगी, संपावरील अटी हे वादाचे विषय राहतील. पण वेतन संहितेतील एक तरतूद त्या जुन्या आज्ञेच्या किती जवळ जाते, हे पाहावे. रोजंदारीवरील कामगाराची मजुरी पाळी संपताच द्यावी. आठवड्याच्या हिशेबाने काम करणाऱ्याची आठवड्याच्या शेवटच्या कामाच्या दिवशी. महिन्याचा पगार पुढील महिन्याच्या सात तारखेच्या आत. कामावरून काढले, राजीनामा दिला किंवा आस्थापना बंद पडल्याने काम सुटले, तर सारी देय मजुरी दोन कामकाजी दिवसांत. कायद्याचे हे दोन दिवस आणि हुकुमचंद मिलची तीन दशके एकमेकांशेजारी ठेवली, की कागद आणि वास्तव यांतील अंतर मोजता येते.

हे अंतर कमी कसे होईल? केवळ निरीक्षकांची संख्या वाढवून नव्हे. मजुरी थकण्याची साखळी अनेकदा वरून सुरू होते. शासकीय खात्याचे देयक कंत्राटदारास उशिरा मिळते, तो उपकंत्राटदाराची रक्कम रोखतो, तो मुकादमाची आणि मुकादम मजुराची. प्रत्येक पायरीवरचा माणूस वरच्याकडे बोट दाखवतो. मजुराला खाली बोट दाखवायला कोणी नसते. म्हणून सरकारने आपली देयके वेळेत चुकती करणे हाच कामगार कल्याणाचा पहिला कार्यक्रम ठरतो. कंत्राटदाराने मजुरी थकवली, तर ती मूळ मालकाने द्यावी आणि नंतर कंत्राटदाराकडून वसूल करावी, हे तत्त्व १९७०च्या कंत्राटी कामगार कायद्यापासून आपल्याकडे आहे. सहकारी गृहनिर्माण संस्था, देवस्थाने, चर्च, शिक्षण संस्था, पंचायती यांपैकी लहान संस्थांना कायदा लागू होत नसेलही. तत्त्व मात्र सर्वांना लागू आहे. आपल्या आवारात झाडलोट करणाऱ्याला, पहारा देणाऱ्याला पैसे कंत्राटदार देतो, एवढे उत्तर पुरेसे नाही. ते पोचले की नाहीत, हे विचारणे आपले काम आहे.

गोमंतकीयाला हे सांगताना अवघडल्यासारखे होऊ नये, कारण परदेशी असणे म्हणजे काय, हे त्याच्या घरात ठाऊक आहे. मुंबईत गेलेले गोवेकर गावोगावच्या कुडांत राहिले. कोणी आफ्रिकेत गेले, कोणी आखातात, कोणी जहाजावर तारवटी झाले. पगार अडकलेला असताना परक्या देशात रात्र कशी जाते, हे अनेक कुटुंबांना पत्रांतून आणि फोनवरून कळलेले आहे. खाणी बंद झाल्या तेव्हा चाक थांबले म्हणजे काय होते, तेही आपण पाहिले. ७ फेब्रुवारी २०१८च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर ट्रक, बार्ज, गॅरेज, खानावळी, सगळ्यांच्या घरचा हिशेब विस्कटला. असे असूनही येथे बांधकामावर, मासेमारीच्या ट्रॉलरवर, हॉटेलांत राबणाऱ्या बाहेरच्या माणसाचा उल्लेख आपण ‘भायले’ या एका शब्दात संपवतो. बाहेरून येणाऱ्यांमुळे जमीन, भाषा आणि लोकसंख्या यांवर येणारा ताण हा खरा प्रश्न आहे आणि त्यावर धोरण हवे. पण तो ताण हे कोणाची मजुरी उशिरा देण्याचे कारण होऊ शकत नाही.

श्रद्धेची भाषा अशा प्रश्नांपाशी आली, की काहींना ती राजकारणात घुसल्यासारखी वाटते, तर काहींना राजकारण तिच्यात घुसल्यासारखे. परंतु वर आलेले सारे दाखले मजुरी, कर्ज, जकात, द्राक्षमळा यांचे आहेत. धर्मग्रंथांनी देवाविषयी बोलताना बाजाराची भाषा वापरली, कारण माणूस देवाशी खोटे बोलतो ते बहुतेकदा बाजारात. उपासनागृहात गुडघे टेकणे सोपे असते. तिन्हीसांजेला दारात उभ्या असलेल्या मजुराला ‘सोमवारी ये’ म्हणणे त्याहून सोपे असते. दैनंदिन श्रद्धेची परीक्षा या दुसऱ्या जागी होते.

नाताळ आठवड्यावर आला आहे. घरांना रंग लागला, दारात कागदी नक्षत्रे टांगली गेली, अंगणात गोठे उभे राहिले. त्या गोठ्यात ज्या कुटुंबाची मूर्ती ठेवली जाते, ते नावनोंदणीसाठी गाव सोडून आलेले आणि सरायेत जागा न मिळालेले कुटुंब होते. रंगारी, गवंडी, सुतार, बागेत काम करून गेलेली बाई यांपैकी कोणाचे काही देणे राहिले असेल, तर ते २४ तारखेची संध्याकाळ होण्याआधी देऊन टाकावे. मध्यरात्रीच्या मिस्सेला त्यानंतर जावे. इंदूरच्या परदेशीपुऱ्यातील घरांना जे तीस वर्षे उशिरा मिळाले, ते आपल्या दारात उभ्या असलेल्या माणसाला आजच देता येण्यासारखे आहे.